घरासाठी पहिली शॉटगन घेताना

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला असून अनेक वर्षांपासून टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. मला आणि पत्नीला गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले. मागच्या दिवाळीत आमच्या वसाहतीतील सगळे जण मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले असताना दोन घरे फोडली गेली. दोन्ही घरे आपल्याच लोकांची होती आणि चोरांनी मुख्यतः सोने नेले. तेव्हापासून घरात एक पंप-अ‍ॅक्शन शॉटगन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचे काडतूस भरायची छऱ्यांची बंदूक, असावी असे मला वाटते. शिवाय २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून नेमबाजी शिकण्याचीही इच्छा आहे. माझी उंची पाच फूट सहा इंच, पत्नीची पाच फूट एक इंच. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार आहेत. खर्चाची मर्यादा नऊशे डॉलर आहे. मॉसबर्ग ५०० घ्यावी की रेमिंग्टन ८७०? बारा बोअर की वीस? नळी आखूड असावी की लांब? दुकानदाराने खांद्याला लावायचा दस्ता नसलेली, नुसती पिस्तुलासारखी मूठ असलेली बंदूक ‘घरासाठी हीच योग्य’ म्हणून दाखवली. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नांची उत्तरे सुरुवातीलाच देतो, म्हणजे पुढचे वाचताना मन त्यांच्यात अडकून राहणार नाही. बंदूक मॉसबर्ग ५०० घ्यावी, ती बारा बोअरची असावी, आणि एकच नळी न घेता आखूड व लांब अशा दोन नळ्यांचा संच घ्यावा. दुकानदाराने दाखवलेली पिस्तुली मुठीची बंदूक घेऊ नये. परंतु ही निवड हा तुमच्या प्रश्नाचा सोपा भाग आहे. ती बंदूक तुमच्या घरात कोणाच्या हाती पडू शकते आणि तुमच्या पत्नीच्या खांद्याला नीट बसते की नाही, या दोन गोष्टी कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत, आणि तुमच्या पत्रात त्यांविषयी प्रश्नच नाही. म्हणून त्यांना अधिक जागा देतो.

प्रथम त्या घरफोड्यांविषयी. भारतीय कुटुंबांच्या घरी सोने असते हे अमेरिकेतल्या चोरांना आता चांगले ठाऊक झाले आहे, आणि घर फोडणारा सहसा घर रिकामे असल्याची खात्री करूनच येतो. तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीतही तसेच झाले. अशा वेळी कपाटात ठेवलेली बंदूक सोन्याचे रक्षण करू शकत नाही, उलट ती सोन्याबरोबर चोरीला जाते आणि पुढे कोणत्या तरी गुन्ह्यात वापरली जाते. त्यामुळे दागिन्यांसाठी बँकेत लॉकर घ्या, दारांच्या चौकटींना लांब स्क्रू आणि भक्कम कड्या बसवा, सणाच्या दिवशी घर उजेडात ठेवा. हे सगळे बंदुकीपेक्षा स्वस्त आहे आणि ज्या घटनेमुळे तुम्ही अस्वस्थ झालात तिच्यावर नेमका हाच उपाय आहे. शॉटगनचे प्रयोजन वेगळे आणि फार मर्यादित आहे: घरात माणसे असताना कोणी दार फोडून आत शिरला आणि पोलीस पोहोचेपर्यंतची काही मिनिटे जीव वाचवायचा प्रश्न आला, तर. त्या प्रसंगाची तयारी करणे गैर नाही. फक्त दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नका.

आता कायद्याकडे वळतो. तुम्ही दोघे कायमचे रहिवासी असल्यामुळे अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक विकत घेता येते. परवानाधारक दुकानात बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यावर ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर लिहावा लागतो, आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमीची तपासणी करून घेतो. टेक्ससमध्ये शॉटगन घेण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सी किंवा इलिनॉय येथे राहणाऱ्या वाचकांनी मात्र हे वाक्य स्वतःला लागू करून घेऊ नये, कारण तिथे आधी राज्याचे ओळखपत्र मिळवावे लागते. फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खरे द्या. गांजाविषयीचा प्रश्न अनेकांना गोंधळात टाकतो. एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्याच्या दृष्टीने तो अवैधच आहे आणि फॉर्मवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. खोटे उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. जो अजून नागरिक झालेला नाही त्याने हेही ध्यानात ठेवावे की बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्ड जाऊन देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नागरिकासाठी जी चूक दंडावर मिटेल ती आपल्यासाठी सगळे आयुष्य विस्कटणारी ठरू शकते.

या कायद्याची जी बाजू आपल्या कुटुंबांना हमखास लागू होते, ती फार थोड्यांना माहीत असते. नोकरीच्या एच-१बी वा एल-१, विद्यार्थ्याच्या एफ-१, कुटुंबीयांच्या एच-४ किंवा पर्यटकाच्या बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्याची मनाई आहे. वैध शिकारपरवाना असल्यास आणि इतर मोजक्या अपवादांतच ती शिथिल होते. तुमचे आई-वडील सहा महिने राहणार आहेत ते याच प्रकारच्या व्हिसावर. याचा अर्थ असा की बंदूक ज्या पेटीत असेल तिची किल्ली किंवा आकडा त्यांना देता कामा नये, ‘आम्ही बाहेर जातो आहोत, घराकडे लक्ष ठेवा’ असे सांगून बंदूक त्यांच्या भरवशावर ठेवता कामा नये, आणि कौतुकाने त्यांना मैदानावर नेऊन दोन बार काढायला लावणेही टाळले पाहिजे. वडिलांना किल्ली न देणे हे आपल्या घरांत अवघड वाटते हे मी समजू शकतो. कदाचित गावाकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर त्यांनी स्वतः वापरलेलीही असेल. तरीही ते विमानतळावर उतरण्याआधीच त्यांना हे नीट समजावून सांगा. यात अविश्वास नसून त्यांना आणि तुम्हाला कायद्याच्या कचाट्यातून दूर ठेवण्याचा हेतू आहे, हे ते नक्की समजून घेतील. हीच गोष्ट एच-१बी वरचा भाडेकरू, एफ-१ वर शिकायला आलेला भाचा आणि गणपतीला मुक्कामी येणारे पाहुणे यांनाही लागू आहे.

बंदूक कोणाच्या मापाची असावी, हा यानंतरचा प्रश्न. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर बहुतेक अमेरिकी शॉटगनमध्ये सुमारे चौदा इंच असते, आणि ते आपल्यापेक्षा उंच, लांब हातांच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले आहे. तुम्हाला ते थोडे लांब पडेल, तुमच्या पत्नीला बरेच लांब पडेल. दस्ता लांब असला की माणूस तोल सांभाळण्यासाठी मागे झुकतो, डावा हात पंपाच्या मुठीपर्यंत ताणला जातो, दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर टेकतो, आणि मग बार उडताच बसणारा धक्का असा लागतो की पुन्हा त्या बंदुकीला हात लावावासा वाटत नाही. अनेक स्त्रिया पहिल्याच दिवशी शॉटगन सोडून देतात त्याचे कारण धक्क्यापेक्षा न जुळणारे माप हे असते. लांब हातांच्या माणसाला आखूड दस्ता चालवून घेता येतो, पण आखूड हातांच्या माणसाला लांब दस्ता कधीच नीट चालत नाही. म्हणून घरातली जी लहान चणीची व्यक्ती बंदूक वापरणार असेल तिच्या मापाने दस्ता घ्यावा. मॅगपुल या कंपनीचा एसजीए दस्ता मॉसबर्ग आणि रेमिंग्टन दोन्हींसाठी वेगवेगळा मिळतो आणि त्यात पट्ट्या घालून वा काढून लांबी साडेबारा इंचांपर्यंत खाली आणता येते. दुकानात जाताना पत्नीला सोबत न्या. रिकामी बंदूक खांद्याला लावून, गाल दस्त्यावर टेकवून, पंप पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे तिला स्वतःला करता येतो का ते पाहा. जी बंदूक एकट्या तुम्हालाच चालवता येते ती घराच्या संरक्षणासाठी अर्धीच उपयोगी आहे. त्याच वेळी दोघांचाही प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना नजर ज्यावर अधिक विसंबते तो, कोणता हे तपासून घ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्या कित्येकांचा प्रबळ डोळा डावा असतो आणि शॉटगनच्या नेमबाजीत ते फार आड येते.

बोअरचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, वीस केल्या तर वीस बोअर. त्यामुळे आकडा मोठा तशी नळी अरुंद. नवख्याने वीस बोअर घ्यावी, तिचा धक्का कमी, असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. वीस बोअरची बंदूक वजनालाही हलकी असते आणि हलकी बंदूक तितक्याच दारूचा धक्का जास्त देते. बारा बोअरमध्ये पाऊण किंवा सात अष्टमांश औंस छऱ्यांची सौम्य काडतुसे सहज मिळतात. ती सात पौंडांच्या बंदुकीतून उडवली तर धक्का वीस बोअरच्या नेहमीच्या काडतुसाइतका किंवा त्याहून कमीच जाणवतो. घरासाठीही कमी धक्क्याच्या काडतुसांची निवड बारा बोअरमध्ये अधिक आहे. म्हणून माझा कौल बारा बोअरला आहे. मात्र मैदानावर भाड्याने दोन्ही चालवून पाहिल्यानंतर पत्नीला वीस बोअरच सोयीची वाटली, तर तिचे मत अंतिम माना आणि मॉसबर्गची आखूड दस्त्याची वीस बोअर घ्या. दोन्ही बोअरच्या बंदुका एका घरात कधीही ठेवू नका. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर ते आत घसरून अडकते, त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरता येते, आणि मग नळी फुटते. वीस बोअरच्या काडतुसांचा रंग अमेरिकेत पिवळा ठेवलेला आहे तो या अपघातामुळेच.

आता मॉसबर्ग की रेमिंग्टन. दोन्ही उत्तम आहेत. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली आली, मॉसबर्ग ५०० तिच्यानंतर साधारण दहा वर्षांनी, आणि दोन्हींचे उत्पादन एक कोटीच्या वर गेले आहे. ८७० चा यंत्रणा असलेला मधला भाग पोलादाचा आहे, तिचा पंप हाताला अधिक गुळगुळीत लागतो. परंतु मूळ रेमिंग्टन कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, बंदुकीचा व्यवसाय नव्या मालकांकडे गेला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इलियनचा जुना कारखाना बंद होऊन उत्पादन जॉर्जियात हलले. जुनी, नीट जपलेली ८७० मिळाली तर ती आनंदाने घ्यावी. नवीनच घ्यायची असेल तर माझा कल मॉसबर्गकडे राहील, आणि त्याचे खरे कारण सेफ्टीची, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या कळीची, जागा हे आहे. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी त्या मधल्या भागाच्या वर, अंगठ्याखाली असते. उजव्या वा डाव्या, कोणत्याही हाताने वापरणाऱ्याला ती सारखीच सापडते आणि लाल ठिपका दिसतो की नाही यावरून तिची स्थिती डोळ्यांनाही कळते. ८७० ची सेफ्टी चापामागे आडवी असते आणि डावखुऱ्याला गैरसोयीची पडते. मॉसबर्गचाच मॅव्हरिक ८८ हा स्वस्त भाऊ आहे. सेफ्टी सोडली तर बहुतेक अंतर्भाग तोच आणि किंमत जवळजवळ निम्मी. पैशांची ओढ असेल आणि त्यामुळे बंदूक ठेवण्याच्या कुलपाच्या पेटीवर किंवा शिक्षणावर खर्च कमी करावा लागणार असेल, तर मी मॅव्हरिक घ्या असेच सांगेन.

नळीच्या बाबतीत एकाच बंदुकीकडून दोन कामे हवी असल्यामुळे संच घेणे सोयीचे आहे. साडेअठरा इंचांची आखूड नळी घराच्या बोळात आणि दारात वळवायला सोपी. अठ्ठावीस इंचांची लांब नळी मैदानावर नेमबाजीसाठी हवेत फेकल्या जाणाऱ्या चकत्यांसाठी, कारण तिच्या वजनामुळे हात मध्येच थांबत नाही आणि नजर लांब रेषेवरून धावते. दोन्ही नळ्या असलेला मॉसबर्ग ५०० चा संच साधारण पाचशे डॉलरच्या आसपास मिळतो आणि नळी बदलायला हत्यार लागत नाही. स्वतः नळी कापण्याचा विचार कधीही करू नका. १९३४ च्या संघीय कायद्यानुसार शॉटगनची नळी अठरा इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी असणे हा विशेष नोंदणीचा विषय आहे. लांब नळीच्या तोंडाशी चोक बदलता येतो. चोक म्हणजे नळीच्या टोकाचा आवळ, जो छऱ्यांचा पसारा कमी-जास्त करतो. सुरुवातीला मध्यम आवळाचा ‘मॉडिफाइड’ चोक लावून ठेवा आणि वर्षभर त्याचा विचार करू नका.

पिस्तुली मुठीच्या बंदुकीला मी नको म्हटले, कारण खांद्याचा आधार नसल्यामुळे सगळा धक्का मनगटात जातो आणि नेम धरण्यासाठी गाल टेकायला जागाच उरत नाही. ती दिसायला भेदक आहे, पण नवख्याच्या हातात पाच यार्डांवरही चुकते. दुकानदाराचा हेतू वाईट असेलच असे नाही, तरी हा सल्ला मुळीच स्वीकारू नका.

स्वप्नील कुसाळे यांचे पदक पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींतल्या प्रकारात होते. तिथे लक्ष्य स्थिर असते आणि शरीर, श्वास, नाडी यांना शांत करत नेणे ही साधना असते. शॉटगनची नेमबाजी याच्या जवळजवळ उलट आहे. लक्ष्य पळत असते, बंदूकही सतत फिरत असते, आणि नजर नळीवर न ठेवता चकतीवर ठेवायची असते. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते याच शास्त्रातल्या डबल ट्रॅप प्रकारात. तुम्ही अमेरिकी पद्धतीच्या ट्रॅप या चकत्यांच्या प्रकारापासून सुरुवात करा. त्यात चकती फेकणाऱ्या यंत्रापासून सोळा यार्ड मागे उभे राहून पाच जागांवरून एकूण पंचवीस चकत्यांवर बार करायचे असतात. एका चकतीला एकच बार असल्यामुळे पंप-अ‍ॅक्शन तिथे कुठेही कमी पडत नाही. स्कीट या दुसऱ्या प्रकारात जोडीनेही चकत्या येतात, तिथे पंप वेगाने ओढण्याची सवय लागते आणि ती सवय पुढे घरासाठीही कामाची आहे. काडतुसे साडेसात किंवा आठ नंबरच्या छऱ्यांचीच न्या, कारण चकत्यांच्या मैदानांवर त्याहून जाड छरे चालत नाहीत. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याचा शिकार-सुरक्षा वर्ग शिकार करायची नसली तरी जरूर करा, आणि चकत्यांसाठी प्रशिक्षित शिक्षकाकडे निदान थोडे धडे घ्या. पहिल्या महिन्यात लागलेल्या वाईट सवयी मोडायला वर्षे जातात. मुलाला गोडी वाटली तर फोर-एच संस्थेचे नेमबाजीचे कार्यक्रम त्याच्या वयाच्या मुलांसाठी शिस्तबद्ध रीतीने चालतात.

घरातील वापराविषयी पसरलेला सर्वांत धोकादायक समज असा आहे की शॉटगनला नेम धरावा लागत नाही, छरे सगळी खोली व्यापतात. तसे होत नाही. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाताना छरे फार तर मुठीएवढे पसरतात. ‘डबल ऑट’ बकशॉटच्या, म्हणजे जाड छऱ्यांच्या, एका काडतुसात सहसा आठ किंवा नऊ गोळ्या असतात, प्रत्येकीचा व्यास सुमारे ८.४ मिलिमीटर, आणि नेम चुकला तर त्या सगळ्या पलीकडे जातात. इथे आपल्या मनातली भिंत कोल्हापूरच्या विटांची असते आणि समोरची भिंत तशी नसते, हे विसरू नका. अमेरिकी घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. बकशॉट अशा एकापेक्षा अधिक भिंती पार करून जाते. बारीक छरे कमी आत जातात हे खरे, पण मग ते माणसालाही खात्रीने थांबवत नाहीत, आणि भिंतीतून तेही जातात. म्हणून कोणते काडतूस ‘सुरक्षित’ याचा शोध घेण्यापेक्षा घराचा नकाशा काढा: मुलांच्या खोल्या कुठे, आई-वडील कुठे झोपतील, कोणत्या जागेवरून कोणत्या दिशेला बार करणे कधीही शक्य नाही. पत्नीसह हे एकदा चालत जाऊन ठरवा. सगळ्यांनी एका खोलीत जमावे, दार लावून ९११ ला फोन करावा आणि फोन चालू ठेवावा, बंदूक त्या दाराकडे रोखलेली असावी. घरभर शोधत फिरू नये. हाताशी चांगली टॉर्च असलीच पाहिजे, कारण रात्री पाणी प्यायला उठलेला तुमचा मुलगाही अंधारात सावलीसारखाच दिसतो. पंप ओढल्याच्या आवाजानेच चोर पळतो, हा समजही सोडून द्या. पळाला तर चांगलेच, पण त्यावर योजना उभी करता येत नाही.

आता पेटीविषयी. टेक्ससच्या दंडसंहितेत सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणे पडू देणे हा गुन्हा आहे, आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, बार उडतो ती जागा) रिकामे पण मॅगझीनमध्ये (पुढची काडतुसे साठवण्याच्या जागेत) काडतुसे असली तरी ती भरलेलीच मानली जाते. तुमच्या घरी तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला पेटीची जागा माहीत असेल, किल्ली कुठे असते हेही कदाचित तो शोधून काढेल, म्हणून किल्लीपेक्षा आकड्याची पेटी बरी, आणि तो आकडा कोणाचा वाढदिवस नसावा. भिंतीच्या लाकडी खांबाला बोल्टने घट्ट बसवलेली, शॉटगन आडवी मावणारी, बटणे दाबून पटकन उघडणारी पेटी घ्या. त्यासाठी दोनशे डॉलर बाजूला ठेवा. आत बंदूक ठेवताना चेंबर नेहमी रिकामे ठेवा. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, काडतुसावर आदळणारी आघातपिन अडवत नाही, त्यामुळे भरलेल्या चेंबरची बंदूक पडली तर बार उडू शकतो. जोपर्यंत दोघांचाही सराव झालेला नाही तोपर्यंत तर मॅगझीनही रिकामे ठेवून काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसे मेली, त्यांपैकी सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. घरात बंदूक आली की घरातल्या माणसाला असलेला हा धोका वाढतो, आणि किशोरवयात एका वाईट संध्याकाळी मनात आलेला विचार हाताशी साधन असेल तर परत फिरत नाही. आपल्या घरांत परीक्षेचे गुण, नोकरीची अनिश्चितता, परदेशातले एकटेपण यांविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. घरात कोणाचेही मन ढासळलेले दिसले, त्यात तुम्ही स्वतःही आलात, तर त्या काळापुरती बंदूक घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था दुकानदाराकडे किंवा कायद्याने पात्र असलेल्या मित्राकडे करा. ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. आणि बंदूक घेतल्याची बातमी वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. ती चोरांपर्यंत आणि मुलाच्या मित्रांपर्यंत पोहोचते.

मैदानावर पहिल्या दिवशी कानांत बोळे (इअरप्लग) आणि वरून कान झाकणारे मफ्स, दोन्ही वापरा. बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. नवख्याच्या हातून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पंप अर्धवट ओढणे. मग रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर येत नाही, आणि दोष बंदुकीला दिला जातो. पंप शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे, जोर लावून; हळुवार हाताळणी इथे कामाची नाही. बकशॉट जिथे चालते अशा मैदानावर, तुमच्या घरातले सर्वांत लांब अंतर मोजून तितक्याच अंतरावर मोठा कागद लावा आणि दोन-तीन कंपन्यांची कमी धक्क्याची काडतुसे उडवून पाहा. एकाच बंदुकीतून वेगवेगळ्या काडतुसांचा पसारा आश्चर्य वाटावे इतका वेगळा येतो. जे सर्वांत घट्ट गुच्छ देईल तेच घरासाठी ठेवा. हे पत्नीनेही करायचे आहे. घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी दोघांनीही हात साबणाने धुऊन कपडे बदला, कारण शिशाची धूळ अंगावर येते.

नऊशे डॉलरचा हिशेब असा बसतो: संच पाचशेच्या आसपास, पेटी दोनशे, आणि उरलेल्यात आखूड दस्ता, कानांची साधने व पहिली काही खोकी काडतुसे. शिक्षकाच्या धड्यांसाठी पैसे कमी पडत असतील तर मॉसबर्गऐवजी मॅव्हरिकचा संच घ्या, धडे सोडू नका. क्रमही तसाच ठेवा. आधी पेटी भिंतीला बसवून घ्या, मग शिकार-सुरक्षा वर्ग, मग भाड्याच्या बंदुकीवर दोघांचा सराव, आणि त्यानंतर दुकानात जाऊन फॉर्म. हे सगळे डिसेंबरपर्यंत जमत नसेल तर आई-वडील परत गेल्यानंतर उन्हाळ्यात खरेदी करा. लॉकर आणि दाराच्या कड्या मात्र याच आठवड्यात करून घ्या.